बेलच्या पाटीवरचं नाव

बर्लिनमधल्या जुन्या इमारतींना क्रमांक असतो, आतल्या घरांना बहुधा नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, एवढ्यावर पत्ता संपतो. पुढचं सगळं नावावर चालतं. मुख्य दाराशेजारी बेलच्या बटणांची पाटी असते, प्रत्येक बटणासमोर एक आडनाव. आत जिन्यापाशी पत्रपेट्यांची रांग असते, तिच्यावरही तीच आडनावं. टपालवाल्याला दुसरी कुठलीच खूण नसते. ज्याचं नाव पाटीवर आहे तो तिथे राहतो. ज्याचं नाही त्याचं पत्र परत जातं, मग तो चौथ्या मजल्याच्या खिडकीत उभा राहून टपालवाल्याकडे बघत का असेना.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना सल्ले भरपूर मिळतात. भाषा शिकून घे, लोकांत मिसळ, थंडीचे कपडे तिकडेच घे, मसाले इथून ने. मलाही मिळाले आणि त्यातले बरेचसे उपयोगी पडले. पण आज मला कुणी विचारलं की या शहरात रुळायला काय लागतं, तर मी आधी पाटीचं बोलते. ती पाटी होईपर्यंत बाकी काही मार्गी लागत नाही, मनसुद्धा लागत नाही. मित्र, भाषा, शहर बघणं हे सगळं त्यानंतरचं. हे मी सोयीच्या दृष्टीने म्हणत नाही. कायमचा पत्ता नसणं माणसाला आतून काय करतं ते मी अनुभवलं आहे आणि दरवर्षी नव्याने येणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यांवर बघते आहे.

आधी व्यवहार सांगते, कारण घरच्यांना फोनवर हेच समजावता समजावता जीव मेटाकुटीला येतो.

राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची, असा इथला कायदा आहे. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि विद्यार्थ्यांच्या गप्पांत हवामानाखालोखाल तिचाच विषय असतो. नोंदणीसाठी घर देणाऱ्याच्या सहीचा एक पानी दाखला लागतो. नोंदणी झाली की पोस्टाने 11 आकडी करक्रमांक येतो, मग अर्धवेळ कामाचा पगार नीट सुरू होतो. आरोग्य विम्याचं कार्ड पोस्टाने येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं, त्याचा पिन दुसऱ्या. निवासी परवान्याच्या अर्जाला नोंदणीचा कागद जोडावा लागतो. निघताना आपण वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून आलेलो असतो आणि त्यातले महिन्याला 992 युरो आपल्याला मिळायचे असतात. पण ते पडतात चालू खात्यात, आणि चालू खातं उघडताना काही बँका पुन्हा नोंदणीचा कागद मागतात. आता खोली शोधायला जावं, तर घरवाले विचारतात: बँक खातं कुठलं, उत्पन्नाचा पुरावा काय, आधीच्या घरमालकाचं पत्र आहे का? प्रत्येक दारावर दुसऱ्या दाराची किल्ली मागतात. हे कुणी मुद्दाम रचलेलं नाही, प्रत्येक नियम एकेकटा पाहिला तर समजण्यासारखा आहे. पण नुकत्या उतरलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला ते सगळे एकदम भेटतात.

सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सहामाहीची वर्गणी तेवढी भरायची, हे बर्लिनचं फार मोठं देणं आहे आणि त्याबद्दल मी कायम कृतज्ञ आहे. मात्र प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असं नाही. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी सेमिस्टरांच्या हिशेबात सरकते. उरतात वे-गे, म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेली घरं. तिथली एक खोली रिकामी झाली की शेकडो अर्ज येतात, त्यातून काहींना बोलावतात, स्वयंपाकघरात बसवून चहा देतात आणि गप्पा मारतात. त्या गप्पा म्हणजेच मुलाखत. मला हा प्रकार पहिल्यापासून योग्य वाटला. ज्यांच्याबरोबर रोज एका ओट्यावर भांडी घासायची ती माणसं बघून घ्यावीत, त्यात गैर काही नाही. फक्त मुलाखतीला बसलेल्या दहापैकी एकालाच खोली मिळते आणि बाकीचे नऊ जण परत हॉस्टेलच्या बंकवर जातात, हे त्या चहाबरोबर गिळावं लागतं.

याच घाईवर काही लोक जगतात. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक सध्या परदेशात, डिपॉझिट भरा म्हणजे किल्ली कुरियरने पाठवतो. असा निरोप आला की पुढे एक अक्षरही लिहू नये. किल्ली हातात पडण्याआधी पैसे द्यायचे नाहीत, हे मी आईच्या सुरात सांगते आणि सांगत राहणार. कायद्याने डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘थंड’ भाड्याइतकं घेता येतं, म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च वगळून राहणाऱ्या मूळ भाड्याच्या तिप्पट, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे. हे माहीत असलेल्या मुलाला फसवणं जरा अवघड जातं.

माझी पहिली खोली नॉयकोल्नमध्ये होती. फसवणूक नव्हती, खोली खरोखर होती, उजेडाचीही होती. पण खोली देणाऱ्याने मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला होता, त्यामुळे अट पहिल्याच दिवशी सांगितली गेली: दाखला मिळणार नाही आणि पाटीवर नाव लागणार नाही. त्याच्या नावाखाली ‘यांच्याकडे’ म्हणून माझं नाव लिहायलाही ना. तेव्हा डोक्यावर छप्पर हवं होतं, मी हो म्हटलं.

तिथे राहताना मी घरात कशी वागत होते ते मला नंतर लक्षात आलं. जिन्यात कुणाची चाहूल लागली की मी दाराच्या आत थांबायचे, पावलं वर किंवा खाली गेली की मग बाहेर पडायचे. बॅग पूर्ण रिकामी केली नाही. कुंडी घेतली नाही, पडदा घेतला नाही, भिंतीवर साधं वेळापत्रक लावलं नाही. आई दर आठवड्याला म्हणायची, पत्ता पाठव, गोधडी पाठवते, तिकडे थंडी सुरू झाली असेल. मी म्हणायचे, पाठवते गं, घाई नाही. तिला सांगू काय? मी राहते तिथे माझ्या नावाचं पार्सल पोचत नाही? वर्गात सगळे कुठे राहतोस, कुठे राहतेस विचारायचे, तेव्हा मी एरियाचं नाव सांगून विषय बदलायचे. शहर तेच होतं, एस-बान, म्हणजे इथली लोकल, तीच, विद्यापीठ तेच. पण ते सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं वाटायचं आणि मी इथे आहे याचा कुणाकडेच कसलाही पुरावा नाही ही जाणीव रात्री झोपताना अंगावर यायची.

हे दुखणं बर्लिनला नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या-कारखाने वाढले तसे गावोगावचे मजूर इथे लोटले आणि त्यांच्यासाठी एकामागे एक अंगणं असलेल्या पाच मजली चाळी उठल्या. 1853 च्या बांधकाम नियमांत आतल्या अंगणाचं किमान माप 5.34 मीटर गुणिले 5.34 मीटर ठरवलं होतं, का, तर आगीचा बंब तेवढ्यात वळतो. माणसाच्या उजेडा-वाऱ्याचा हिशेब त्यात नव्हता. त्या चाळींतली कुटुंबं भाडं निभावण्यासाठी घरातली खाट तासांवर भाड्याने देत. रात्रपाळीचा कामगार दिवसा येऊन झोपायचा, घरातल्यांना झोपायची वेळ झाली की उठून जायचा. त्या माणसांची नावं कुठल्या दारावर असतील? आज ज्या उंच छताच्या घरांसाठी आम्ही रांगा लावतो, ती पुष्कळदा हीच घरं आहेत.

पुढे विद्यापीठाच्या मेन्साबाहेरच्या, म्हणजे खानावळीबाहेरच्या फलकावर हाताने लिहिलेली एक चिठ्ठी दिसली. वेडिंगमध्ये खोली, मागच्या इमारतीत, तिसरा मजला, शांत व्यक्ती हवी. ज्यांनी ती लावली होती त्या बाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मी गेले तेव्हा त्यांनी खोली दाखवली, कचऱ्याचे डबे दाखवले, रात्री दहानंतर कपडे धुण्याचं मशीन लावायचं नाही हे सांगितलं. मी नोंदणीचं विचारायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, दाखला पहिल्या दिवशी सही करून ठेवते, नाहीतर तुमचं पुढचं काही होणार नाही. माझा जीव भांड्यात पडला. त्या मला ‘तुम्ही’ म्हणत होत्या, अजूनही म्हणतात, आणि मला ते आवडतं.

राहायला गेले त्या संध्याकाळी त्यांनी टेबलावर लेबलं छापायचं छोटं यंत्र ठेवलं. माझं आडनाव मी कागदावर लिहून दिलं. रोमन लिपीत ते लांबलचक होतं. त्यांनी पट्टी छापली, पाटीच्या चौकटीवर धरून पाहिली, शेवटची दोन अक्षरं बाहेर जात होती. मी म्हटलं, कापून टाका, टपालवाल्याला कळेल. त्यांनी मान हलवली. छोट्या अक्षरात दुसरी पट्टी छापली. ती बसली, पण त्यांच्या नावाच्या मानाने फार बारीक दिसत होती. मग त्यांनी स्वतःच्या नावाची जुनी पट्टी काढली, दोन्ही नावं एकाच मापात पुन्हा छापली, चष्मा कपाळावर सरकवून, चिमट्याने पारदर्शक झाकणाखाली एकाखाली एक सरकवली आणि झाकण अंगठ्याने दाबलं. पत्रपेटीवरही तसंच केलं. मग मला बाहेर फुटपाथवर उभं करून त्या वर गेल्या आणि घरातून इंटरकॉमवर म्हणाल्या, वाजवा. मी माझ्या नावासमोरचं बटण दाबलं. आतून दार उघडल्याची घरघर झाली.

त्या रात्री आईला पत्ता पाठवला.

ब्यूर्गरआम्टमधलं, म्हणजे पत्त्याची नोंदणी होते त्या कचेरीतलं काम त्यामानाने लवकर उरकलं. अपॉइंटमेंट मिळवणं हीच खरी कसरत. राहता त्याच भागातल्या कचेरीत जायची सक्ती नाही, शहरातल्या कुठल्याही चालतं, हे नव्या मुलांना माहीत नसतं. शहराच्या दुसऱ्या टोकाची वेळ मिळाली तर ती घ्यावी. सकाळी लवकर वेबसाइट उघडून बसलं की कुणीतरी रद्द केलेली वेळ हाती लागते. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, कारण चर्चच्या सभासदांकडून करातून वर्गणी कापली जाते. कचेरीतल्या बाईंनी दाखला पाहिला, पासपोर्ट पाहिला, टाइप केलं, शिक्का मारला. कागद हातात आला तेव्हा मी तो तिथल्याच बाकावर बसून परत परत वाचला. माझं नाव आणि त्याखाली रस्त्याचं नाव. 38 लाखांवर वस्तीच्या शहराने मला आपल्या वहीत घेतलं होतं.

मग पत्रं यायला लागली. करक्रमांक आला, विम्याचं कार्ड आलं, वाचनालयाचं पत्र आलं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही आलं, घरामागे महिन्याला 18.36 युरो. ती घरटी एकदाच भरायची असते आणि बाई भरतच होत्या, तेवढं कळवून माझं काम झालं. पण त्या पत्राचाही मला आनंद झाला. शहर पैसे मागतं ते आपल्या माणसांकडे. पाहुण्याला कोण वर्गणी मागतं?

गोधडी आली तेव्हा मी विद्यापीठात होते. इथली पद्धत अशी की माणूस घरी नसेल तर पार्सलवाला इमारतीतल्या ज्या घरात कुणी सापडेल तिथे पार्सल देतो आणि कुणाकडे दिलं ते नाव चिठ्ठीवर लिहून पत्रपेटीत टाकतो. माझी चिठ्ठी पहिल्या मजल्याची होती. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या तुर्की आजोबांनी. पार्सल त्यांनी कोरड्या जागी, कपाटावर ठेवलं होतं. कापडात शिवलेलं, वर आईच्या हातची मार्करने लिहिलेली मोठी अक्षरं. त्यांनी विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, जुन्या साड्यांचं पांघरूण, आजीने शिवलेलं. ते म्हणाले, उघडा, बघू द्या. मग दोघांनी मिळून शिवण उसवली. त्यांच्या पत्नी आतून आल्या, गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिल्या, काहीतरी तुर्कीत बोलल्या. आजोबांनी सांगितलं, त्यांच्या आईकडे असंच होतं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे कितीदा तरी बसले. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला 1961 साली आणि ही भरती 1973 मध्ये थांबली. आजोबा त्या दरम्यान आले, विशी गाठायच्या आधी. कारखान्याच्या वसतिगृहात एका खोलीत सहा खाटा आणि पत्रं सगळी दारावरच्या माणसाकडे. बायकोला आणायचं तर पुरेशी जागा असल्याचं दाखवावं लागे. घर बघायला जावं तर फोनवर आवाज ऐकून लोक जागा गेली म्हणायचे. ही इमारत मिळाली तेव्हा शौचालय जिन्यात होतं आणि आंघोळीला सार्वजनिक स्नानगृहात जावं लागे. पण दारावर नाव लागलं. आमच्या पाटीवर सगळ्यांची नावं कागदी पट्ट्यांवर आहेत, त्यांचं तेवढं धातूच्या पट्टीवर कोरलेलं आहे. त्यांनी ते स्वतः कोरून घेतलं. मी त्यांना विचारलं की तेव्हा इतका खर्च का केला, तर ते म्हणाले, कागदाची पट्टी कोणीही काढू शकतं.

जर्मन माणूस थंड असतो, बोलत नाही, मिसळत नाही, हे वाक्य मी येण्याआधीही ऐकलं आणि इथे आपल्या लोकांच्या बैठकांतही ऐकते. माझा अनुभव वेगळा आहे. इथे ओळख हळू होते आणि ती बहुतेक कामातून होते. अंगणातल्या निळ्या डब्यात कागद, तपकिरी डब्यात भाजीपाल्याची सालं, काचेत पांढरी वेगळी नि रंगीत वेगळी, रविवारी बाटल्या टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो. हे पाळणारा माणूस इमारतीत दखलपात्र होतो. चौथ्या मजल्यावरचा एक गृहस्थ माझ्याकडे पाहून काही महिने फक्त मान डोलवायचा. एकदा डबे मी वेळेवर बाहेर काढून ठेवले, तेव्हापासून तो थांबून बोलतो, थंडीत सायकल तळघरात ठेवा म्हणून त्याने मला किल्ली आणून दिली. मोकळेपणाची ही पद्धत आपल्यापेक्षा निराळी आहे, कमी मात्र नाही. दारावर नाव नसलेल्या काळात मला यातलं काहीच मिळालं नसतं, कारण तेव्हा मी जिन्यात कुणाला दिसतच नव्हते.

डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान होतो. सव्वाआठला उजाडतं आणि चारच्या आत मावळतं. लेक्चरला जाताना अंधार, येताना अंधार. पहिल्या हिवाळ्यात बरीच मुलं खचतात ती याच दिवसांत, आणि एकटी राहणारी जास्त. व्हिटॅमिन डी घ्या, दुपारी बाहेर पडा, हे सगळं खरंच आहे, मी ते करते. पण मला तारून नेलं ते घरी परतण्याच्या भावनेने. ऊ-बानमधून, म्हणजे मेट्रोतून वर आलं, कोपरा वळलं, की पाटीवरचा बारका दिवा दिसायचा आणि आपण कुणाच्या तरी शेजारी आहोत हे कळायचं.

पुढे दिवस मोठे झाले आणि मी चालायला लागले. चालताना नजर सारखी दारांकडे जायची, तशी ती जमिनीकडेही गेली. बर्लिनच्या फुटपाथांत दारांसमोर दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पितळी फरशा बसवलेल्या असतात. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने 1990 च्या दशकात हे काम सुरू केलं. आज युरोपभर अशा एक लाखाहून जास्त फरशा आहेत, एकट्या बर्लिनमध्ये दहा हजारांहून जास्त. बहुतेकींवर सुरुवात एकच: इथे राहत होते. मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे नेलं, आणि पुष्कळदा शेवटी ऑशविट्झ किंवा थेरेझिनश्टाट अशा नाझी छावणीचं नाव. नाझी राजवटीच्या बळींनी स्वतःच्या मर्जीने जिथे शेवटचं घर केलं होतं, त्या दारासमोर ही फरशी बसवतात. आमच्या गल्लीत एका दारासमोर चार आहेत, आईवडील आणि दोन मुली. धाकटीचं जन्मसाल वाचून मी तिथेच हिशेब केला, नेलं तेव्हा ती सहा वर्षांची होती.

माझ्या नावाची पट्टी मी दोन महिन्यांच्या धडपडीनंतर लावली म्हणून मला केवढं काय वाटलं होतं. या माणसांची नावं याच दारांवर पिढ्यानपिढ्या होती आणि ती कायद्याने, शिक्क्यानिशी, नोंदवह्या उघडून काढली गेली. ज्या वहीत नाव आल्याचा मला आनंद झाला, तसल्याच वह्यांतून कोण कुठे राहतं ते शोधणं सोपं गेलं होतं. हे कळल्यापासून नोंदणीबद्दलचा माझा आनंद कमी झाला नाही, पण तो भाबडा राहिला नाही. वहीत नाव असणं पुरत नाही. शेजारच्या दारातल्या माणसांना ते नाव आपल्यातलं वाटावं लागतं. आता त्या फरशा घासूनपुसून लखलखीत ठेवणारी माणसं आसपासच्या घरांतलीच असतात. 1938 साली ज्यूंवर देशभर हल्ले झाले त्या 9 नोव्हेंबरच्या सुमाराला लोक गुडघ्यावर बसून पितळ उजळताना दिसतात. गेल्या वर्षी आमच्या बाईंबरोबर मीही गेले.

माझं विद्यापीठ, फ्राये युनिव्हर्सिटेट, दालेममध्ये आहे. 1948 साली, शहराच्या पूर्व भागातल्या जुन्या विद्यापीठात सोव्हिएत दडपण वाढलं तेव्हा तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी ते उभं केलं. ऊ-बानच्या तीन नंबरच्या गाडीने उतरलं की पाच-सात मिनिटांवर इनेश्ट्रासे नावाचा शांत, झाडांचा रस्ता लागतो. तिथल्या 22 क्रमांकाच्या इमारतीत आज राज्यशास्त्र शिकवतात. 1927 साली ती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेसाठी उघडली होती. आणि त्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून एक तरुण विवाहित मुलगी पीएचडीसाठी याच संस्थेत आली होती: इरावती कर्वे.

त्यांच्याबद्दल आपल्याकडे सगळे जाणतात ते पुढचं, डेक्कन कॉलेजमधलं काम आणि लेखन. पण मला आता दिसतात त्या दालेमच्या रस्त्यावरच्या पंचविशीतल्या इरावतीबाई. सासरे महर्षी कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले, तरी सुनेने जर्मनीला जावं हे त्यांना पसंत नव्हतं. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले, ते पाठीशी उभे राहिले. पैसे काँग्रेसचे नेते जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतले. इथे मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत मांडणारे, जे पुढे 1933 मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. कवटीच्या दोन बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध तपासायचं काम या परदेशी विद्यार्थिनीकडे आलं. तिने कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध आढळत नाही. ज्याच्या सहीवर आपली पदवी अवलंबून आहे त्याला नको असलेलं उत्तर, परक्या भाषेत, परक्या देशात. तरी पदवी मिळाली.

इमारतीच्या भिंतीवर एक फलक आहे, संस्थेने पुढे नाझी काळात काय केलं ते सांगणारा. इथल्या शास्त्रज्ञांचे धागे ऑशविट्झपर्यंत पोचतात. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा तिथून लवकर हलता आलं नाही. इरावतीबाईंना हे पुढचं माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी समोरच्या मापांशी इमान राखलं, एवढंच. परदेशी विद्यार्थ्याला नेहमी वाटत असतं की आपण पाहुणे, आपण गप्प बसावं, व्हिसा, पदवी, शिफारसपत्र सगळं यांच्या हातात आहे. सेमिनारमध्ये हात वर करायच्या आधी मी इरावतीबाईंची आठवण काढते. हे कुणाला भाबडं वाटेल, पण मला त्याने बळ येतं.

बर्लिनमधल्या मराठी विद्यार्थ्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ऑक्टोबरच्या मध्यात वर्ग सुरू होतात, त्याआधी सहा आठवडे त्यावर खोलीशिवाय दुसरा विषय नसतो. गेल्या वर्षी आम्ही काही जुन्या मुलामुलींनी आपसांत ठरवलं की ग्रुपवर कुठलीही खोली टाकायची तर पहिल्या ओळीत नोंदणी होणार की नाही ते लिहायचं, आणि आपल्यापैकी कुणी सेमिस्टरभर बाहेर जात असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घेऊनच खोली पुढे द्यायची, चोरून नाही. परवानगी मागितली की मालक नकार देतील अशी सगळ्यांना भीती होती. बहुतेकांनी सरळ हो म्हटलं. काही जण या नियमावर नाराज आहेत, म्हणतात की त्यामुळे खोल्या कमी झाल्या. झाल्याही असतील. पण निव्वळ चार भिंती देऊन आपल्याच पोराला जिन्यात लपायला लावणं मला मान्य नाही, आणि हे मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं आहे.

या वेळी अकरा जण यायचे होते. आठ जणांची सोय झाली. एकीला आमच्या बाईंच्या मैत्रिणीकडे, श्टेग्लिट्झमध्ये जागा मिळाली. उरलेल्या तिघांपैकी एक मुलगा मोआबिटमधल्या वे-गेत परवा बोलून आला आहे, त्यांचं उत्तर शुक्रवारी येईल. दोघांसाठी अजून शोधतोय.